कव्हर स्टोरी
परवा माळा आवरताना पीएसटूच्या २६ डिस्क्स सापडल्या, सगळ्या कळकट कागदी पाकिटांत! पाकीट डिस्कला घासतं. डीव्हीडी केस मात्र तिला फक्त मधल्या भोकात धरते. मग काय, रिकाम्या केसेस आणल्या. २७३ बाय १८३ मिलिमीटरची कव्हर्स कम्प्युटरवर बनवली. ए-फोर ग्लॉसी पेपरवर आरामात बसतात. (प्रिंट काढताना ‘फिट टू पेज’ नको हं, माप बिघडतं!)

शेवटच्या पाकिटावर मार्करने लिहिलेलं दादाचं अक्षर : ‘हात लावायचा नाही!’ दादा आता न्यू जर्सीत. फोन दिवाळीला, तोही घाईघाईत. त्या केसला नवं कव्हर केलंच नाही. पाकीटच कापून पुढे सरकवलं आणि फोटो त्याला पाठवला.

दोन मिनिटांत फोन वाजला. दिवाळी नसताना!