पूतनामावशीचा सोयीस्कर अवतार : गावीत प्रकरण, भयपट आणि निकालपत्र

१/
बेसा हे नागपूरच्या दक्षिण सीमेवरचे झपाट्याने वाढलेले उपनगर. तेथून कोल्हापूर म्हणजे महाराष्ट्राचे दुसरे टोक. १९९६ नंतर जन्मलेल्या बेसा येथील तरुणाला कोल्हापूरचे गावीत प्रकरण कळते ते निकालपत्रातून नव्हे, मोबाइलच्या पडद्यावरून. तीन बायका, काळोखी खोली, मुलाचे रडणे आणि खाली ओळ : ‘सत्य घटनेवर आधारित’. या सूत्राचा प्रतिवाद त्या ओळीपासूनच करावा लागतो.

२/
२३ ऑगस्ट २०१९ रोजी ‘पोशम पा’ हा हिंदी चित्रपट चित्रपटगृहात न जाता थेट झी फाइव्हवर आला. दिग्दर्शक सुमन मुखोपाध्याय. प्रमुख भूमिकांत माही गिल, सयानी गुप्ता आणि रागिनी खन्ना. लहान आटोपाचा, मोजक्या पात्रांचा हा चित्रपट गावीत प्रकरणावर बेतलेला आहे. त्याचा भर आई आणि तिच्या दोन मुलींच्या मनोव्यापारावर आहे. अभिनयाबद्दल तक्रार नाही. तक्रार त्या चौकटीबद्दल आहे, जी या प्रकरणावरची असंख्य ध्वनिफिती आणि ‘थरारकथा’ डोळे मिटून उचलतात.

३/
आधी नोंद. अंजनाबाई गावीत आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावीत या पाकीटमार होत्या. देवळे, जत्रा, बसस्थानके ही त्यांची क्षेत्रे. १९९० मध्ये चोरी करताना पकडली गेलेली रेणुका कडेवरच्या स्वतःच्या मुलामुळे सुटली. लेकुरवाळी बाई चोर असेल, असे गर्दीला वाटले नाही. या सुटकेतूनच त्यांनी धडा घेतला : कडेवर मूल असले की संशय येत नाही. मग इतरांची मुले पळवणे सुरू झाले, आणि मूल अडचणीचे ठरू लागले की त्याला ठार करणे.

४/
म्हणजे या गुन्ह्याचे मुख्य हत्यार सुरा किंवा विष नव्हते. आईपणाविषयीची समाजाची आंधळी श्रद्धा हेच ते हत्यार होते. भयपट मात्र तीच श्रद्धा उलटी करून विकतो. आई देवी नसेल तर ती हडळच असली पाहिजे. देवी आणि हडळ यांच्या मधली, थंड डोक्याने हिशेब करणारी गुन्हेगार त्याला दिसतच नाही.

५/
आता आकडे. लोककथेत मुलांची संख्या चाळीसच्या वर जाते. ‘४२’ हा आकडा अनेक ठिकाणी निर्धास्तपणे छापला जातो. न्यायालयात सिद्ध झाली ती तेरा मुलांची अपहरणे, आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकले ते पाच खून. पाच हा आकडा कमी भयंकर आहे काय? पाच मुले पुरेशी वाटत नसतील, तर दोष त्या प्रेक्षकाच्या भुकेचा आहे.

६/
ही भूक जुनी आहे. हंगेरीची सरदारीण एलिझाबेथ बाथरी १६१४ मध्ये कैदेत मरण पावली. कुमारिकांच्या रक्ताने ती स्नान करी, ही कथा छापील स्वरूपात प्रथम आली १७२९ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळाने. ६५० बळींचा आकडा एका साक्षीदाराच्या ऐकीव माहितीवर उभा आहे. तरीही १९७१ च्या ‘काउंटेस ड्रॅक्युला’ या ब्रिटिश भयपटाने रक्तस्नानच उचलले. पडद्याला साक्षीपुराव्यापेक्षा आख्यायिका अधिक मानवते.

७/
पुरुष मारेकऱ्यांची गोष्ट वेगळी सांगितली जाते. पुण्यातील जोशी-अभ्यंकर हत्याकांडात १९७६-७७ मध्ये दहा माणसे मारली गेली. आरोपी अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यावरून प्रेरित मराठी चित्रपटाचे नाव ‘माफीचा साक्षीदार’. महाविद्यालय, व्यसन, संगत, शहराचा बदलता स्वभाव अशी सगळी कारणे शोधली गेली. ‘पुरुष असून असे कसे केले?’ हा प्रश्न कोणी विचारला नाही.

८/
माफीचा साक्षीदार गावीत प्रकरणातही होता : रेणुकाचा नवरा किरण शिंदे. त्याच्या साक्षीवर खटल्याचा मोठा भार होता. तो सुटला. अंजनाबाई डिसेंबर १९९७ मध्ये, खटला चालण्यापूर्वीच कोठडीत मरण पावली. उरल्या दोन बहिणी. लोकांच्या स्मरणात मात्र गुन्हा ‘तीन बायकांचा’ राहिला. पूतनामावशीच्या कथेत जावयाला जागा नसते.

९/
आता त्याहून महत्त्वाचा प्रश्न. १९९० ते १९९६ अशी सहा वर्षे हे चालले कसे? सुरुवातीला पळवलेल्या मुलांपैकी एक कोल्हापुरातील भीक मागणाऱ्या स्त्रीचे होते. तिच्या हंबरड्याने जिल्ह्याजिल्ह्यांतले पोलीस हलले नाहीत. १९९६ मध्ये अटक झाली ती अंजनाबाईच्या नवऱ्याच्या दुसऱ्या पत्नीच्या तक्रारीमुळे. तिची एक मुलगी आधीच नाहीशी झाली होती आणि दुसरीवर डोळा होता. संशयिताचे नाव तिला सांगता आले. भिकारणीला ते सांगता येणे शक्यच नव्हते.

१०/
यावर दोन आक्षेप येतात. पहिला : ‘स्त्रियांचा बचाव चालला आहे.’ मुळीच नाही. ३१ ऑगस्ट २००६ रोजी फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की त्या स्त्रिया आहेत एवढी एक बाब सोडली तर शिक्षा सौम्य करण्यास कोणतेही कारण सापडत नाही. गुन्हेगार म्हणून पूर्ण जबाबदार धरणे यालाच समानता म्हणतात. राक्षसीण ठरवले की जबाबदारी संपते, कारण राक्षसीण जन्मजात तशीच असते.

११/
दुसरा : ‘चित्रपट म्हणजे इतिहास नव्हे.’ मान्य. मग ‘सत्य घटनेवर आधारित’ ही पाटी काढावी. पाटीचा नफा हवा आणि पाटीची जबाबदारी नको, हा व्यवहार सचोटीचा नाही.

१२/
आणि पैसे कमी असल्याची सबबही चालणार नाही. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ २०१७ मध्ये प्रदर्शित झाला, तोही लहान खर्चाचाच. एक घर, उसाचा फड, मोजकी माणसे. त्यातही मुलांची भुते आहेत आणि भयंकर बाई आहे. पण त्या भीतीचे मूळ मुलगी नकोशी असलेल्या समाजात आहे, आणि प्रेक्षक घरी जाताना ते बरोबर नेतो.

१३/
शेवटचा अंक नागपूरच्या तरुणांनी नीट पाहावा. महाराष्ट्रात फाशीची सोय दोनच कारागृहांत आहे : येरवडा आणि नागपूर. वर्धा मार्गावरचे ते कारागृह बेसा येथून काही किलोमीटरवर. २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दोघी बहिणींचा दयेचा अर्ज फेटाळला, तरी फाशी झाली नाही. १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षा जन्मठेपेत बदलली. कारण दया नव्हते. दयेच्या अर्जांवर निर्णय होण्यास सात वर्षे, दहा महिने, पंधरा दिवस लागले होते, आणि या दिरंगाईबद्दल न्यायालयाने शासनालाच दोषी धरले.

१४/
म्हणजे सुरुवातीला हरवलेल्या मुलांचा माग लागत नव्हता, शेवटी फाइल हलत नव्हती. या दोन स्तब्धतांच्या मध्ये तेरा कुटुंबे उभी आहेत. त्यांच्यावर कॅमेरा क्वचितच वळतो, कारण कचेरीतल्या धूळ खात पडलेल्या कागदाला पार्श्वसंगीत देता येत नाही.

१५/
हरवलेल्या प्रत्येक मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवावा आणि ते अपहरण आहे असे गृहीत धरूनच तपास सुरू करावा, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला मे २०१३ मध्ये. गावीत प्रकरणानंतर सतरा वर्षांनी, निठारीनंतर सहा वर्षांहून अधिक काळाने. या प्रकरणावर पुढचा चित्रपट काढणाऱ्याने सुरुवात तेथून करावी : पोलीस ठाण्याच्या दारात उभी असलेली भिकारीण, आणि तिची तक्रार लिहून न घेणारा हात.