फोन त्यांच्याच हातात राहू द्या

३० डिसेंबर २०१६ रोजी केंद्र सरकारने पैसे पाठवण्याचे एक ॲप आणले आणि बाबासाहेबांच्या नावावरून त्याला ‘भीम’ म्हटले. नाव बाबासाहेबांचे, पण आपल्या वस्तीतल्या किती आयाबहिणींना पैशाचे कोणतेही ॲप दुसऱ्याच्या मदतीशिवाय उघडता येते? हा प्रश्न आम्ही सरकारला विचारतोच. आज तो चळवळीतल्या शिकलेल्या पोरापोरींना विचारायचा आहे.

वस्तीत कोणी फोन घेऊन आले की आपण काय म्हणतो? “द्या इकडे मावशी, मी करतो.” दोन मिनिटांत भराभर बटणे दाबतो, आलेला ओटीपी स्वतःच टाकतो आणि फोन परत देतो. मावशी आशीर्वाद देते, आपल्याला समाजकार्य केल्याचे समाधान मिळते. पण मावशी काय शिकली? एवढेच, की हे आपले काम नव्हे.

पूर्वी गावचे दप्तर कुलकर्ण्याकडे असे. जमीन कोणाची, सारा किती, हे सगळे त्याच्या कागदावर. कष्टकऱ्याचा फक्त अंगठा. दप्तर ज्याच्या हाती, गाव त्याच्या मुठीत. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले, ते उगाच नव्हे. आज दप्तर फोनमध्ये आले आहे. अंगठा अजूनही आपलाच आणि जाणकार दुसराच. मग तो जाणकार आपल्या जातीचा असला म्हणून गुलामी संपते का?

उदाहरणे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना नेट कॅफेवाला घाईत स्वतःचाच मोबाईल नंबर टाकतो, पासवर्ड त्याच्या वहीत राहतो. पुढच्या वर्षी अर्जाचे नूतनीकरण करायचे, तर पोरगी त्याच्या दारात. ‘लाडकी बहीण’चे दीड हजार बाईच्या खात्यावर येतात, पण पिन नवऱ्याला किंवा मुलाला ठाऊक. खाते तिचे, पैसा त्याचा. “घरात पोरं आहेत की, ती करतात” असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. शिवाय पोरे उद्या पुण्या-मुंबईला कामाला जातात, फोन आणि म्हातारी घरीच राहतात.

म्हणून आम्ही काम करताना एकच नियम पाळतो : फोन त्यांच्या हातात, आपले हात पाठीमागे. बोट त्यांचेच फिरले पाहिजे. एका दिवशी एकच काम, तेही त्यांना आज लागणारे. दहा ॲपची यादी वाचून कोणी शिकत नाही.

समजावताना शब्द रोजच्या जगण्यातले घ्यावेत. ॲप म्हणजे बाजारातला गाळा : बँकेचा वेगळा, रेशनचा वेगळा. चुकीच्या गाळ्यात शिरलात तर मागे फिरा, काही मोडत नाही. ओटीपी म्हणजे एकदाच चालणारी किल्ली. दुसऱ्याला दिली की दार उघडले. पिन म्हणजे पैसे काढण्याच्या कागदावरची आपली सही. यूपीआयवर पैसे देताना पिन लागतो, घेताना कधीच लागत नाही. “तुमचे पैसे जमा करायचेत, पिन टाका” म्हणणारा चोरच. ही दोन वाक्ये पाठ झाली तरी घामाचा बराच पैसा वाचेल. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० वर फोन करायचा, हेही त्याच वेळी सांगावे.

वाचता येत नाही? माइकचे चिन्ह दाखवा. मराठीत बोलले की फोन लिहितो. भीती वाटते? शेजारी बसलेल्या नातवाला एक रुपया पाठवून बघू द्या. ‘अलाऊ’ दाबण्याआधी प्रश्न विचारायला शिकवा : टॉर्चच्या ॲपला माझे फोन नंबर कशाला हवेत? असा प्रश्न विचारायला लागलेली बाई उद्या रेशन दुकानदारालाही प्रश्न विचारते.

यात वेळ जातो, हे खरे. दोन मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागतो. पण जोतिबा-सावित्रीमाईंनी १८५५ साली दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, तेव्हा अर्ज लिहून देण्याचा सोपा मार्ग त्यांनाही मोकळा होता. त्यांनी अक्षर शिकवले.

मात्र शिकवणे म्हणजे सरकारला मोकळे सोडणे नव्हे. ऊस तोडून, विटा वाहून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचा अंगठा रेशनच्या यंत्रावर उमटत नाही. तो दोष त्यांचा नाही आणि कितीही शिकवले तरी तो सुटणार नाही. तिथे भांडावेच लागेल. अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत देण्याचे बंधन २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने कार्यालयांवर घातले आहे. मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येते. “ॲपवरच करा” म्हणून कोणी दारातून परत पाठवले, तर तेच लेखी मागा.

मित्रांनो, दर रविवारी वंदना झाल्यावर विहारात एक तास थांबा. चार माणसे, चार फोन आणि एक काम. पुढच्या रविवारी त्या चौघांनी आणखी चौघांना शिकवावे. ज्या दिवशी मावशी म्हणेल, “थांब, मीच करते,” त्या दिवशी आपले काम झाले असे समजा.

जय भीम!