खुले पत्र: जखमीच्या रिक्षाभाड्याची पावती आणायची कुठून?

प्रति,
परिवहन विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय: मोटार अपघात दाव्यांतील प्रवासखर्च

उपचारासाठी केलेल्या प्रवासाचा खर्च हा अपघातातील जखमीच्या भरपाईचाच भाग आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 168 न्याय्य भरपाई द्यायला सांगते. राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये औषधे आणि पौष्टिक आहार यांच्या जोडीला वाहतुकीचा खर्चही नावानिशी नोंदवला. हक्क इतका स्पष्ट असूनही ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या जखमींच्या हाती तो पुरता पडत नाही.

अडते पावतीपाशी. औषधांची बिले असतात, एक्स-रेचे बिल असते, डिस्चार्ज कार्ड असते. रिक्षाची पावती मात्र नसते, कारण ती कोणी देतच नाही. कल्याण-डोंबिवलीत मीटर टाकून रिक्षा मिळणेही मुश्कील. शेअर रिक्षात प्लास्टर घातलेला पाय मावत नाही, म्हणून स्पेशल रिक्षा करावी लागते. लोकलच्या गर्दीत कुबड्या घेऊन चढणे अशक्य. रुक्मिणीबाई किंवा शास्त्रीनगर रुग्णालयातून पुढे कळवा, शीव, परळला पाठवलेल्या रुग्णाचे अंतर आणि भाडे दोन्ही वाढतात. एवढे करून दाव्याच्या उलटतपासणीत विमा कंपनीचा वकील पावती मागतो, आणि निकालात ‘प्रवास व आहार’ या एकाच रकान्यात अंदाजे ठोक रक्कम पडते. सोबत येणाऱ्या नातेवाइकाचा खर्चही त्यातच गडप होतो.

हा खर्च किरकोळ नाही. 1 फेब्रुवारी 2025 पासून मुंबई महानगर क्षेत्रात रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे 26 रुपये आणि पुढे दर किलोमीटरला 17.14 रुपये आहे. फिजिओथेरपीचे केंद्र 6 किलोमीटरवर असेल तर जायला 103 रुपये, ये-जा 206. आठवड्यातून तीनदा जायचे तर 618 रुपये, आणि 13 आठवड्यांत 8,034. हे फक्त सरकारी दराने आणि फक्त फिजिओथेरपीचे. स्पेशल रिक्षावाला मागेल ते भाडे, ड्रेसिंग आणि तपासणीच्या फेऱ्या यात धरलेल्या नाहीत.

पुरावा सरकारजवळच आहे. रुग्ण कोणत्या तारखेला आला हे केस पेपरवर असते, घर ते रुग्णालय अंतर मोजता येते, आणि भाडे शासनाच्या यंत्रणेनेच ठरवलेले असते. कलम 169 मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला संक्षिप्त पद्धतीने चौकशी करण्याची मुभा देते. भाड्याचे दर ठरवण्याचा अधिकार कलम 67 ने आणि दाव्यांच्या कामकाजाचे नियम करण्याचा अधिकार कलम 176 ने राज्य शासनालाच दिला आहे. भाडे ठरवणारे शासन त्याच भाड्याचा पुरावा प्लास्टरमधल्या माणसाकडून मागू देते, ही त्याची स्वतःची कसूर आहे.

विभागाने नियमांत पुढील गोष्टी घालाव्यात. केस पेपरवरची प्रत्येक भेट ही प्रवासाचा पुरावा मानावी. तिचे भाडे त्या दिवशीच्या अधिकृत दराने, पावतीविना मंजूर व्हावे. त्याहून जास्त खर्च सिद्ध करण्याची मुभा राहावी. प्रवासखर्च आहारापासून वेगळा दाखवावा आणि सोबत्याचा खर्च त्यात धरावा.