निकाल दिसतो, पट दिसत नाही

मुंबई महापालिकेच्या माध्यमिक शाळांचा दहावीचा निकाल 2018 मध्ये 73.81 टक्के लागला. 2019 मध्ये तो 53.14 टक्क्यांवर कोसळला आणि 2020 मध्ये थेट 93.25 टक्क्यांवर गेला. या तीन वर्षांत शाळा त्याच होत्या, वस्त्या त्याच होत्या, वर्गांत येणारी मुलेही त्याच घरांतली होती. तरीही आधी या शाळांवर टीकेची झोड उठली आणि वर्षभरातच त्यांचे कौतुक सुरू झाले. दोन्ही वेळा मूळ प्रश्न बाजूला राहिला.

बदलले होते ते मोजमाप. भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांतले अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण 2019 च्या परीक्षेत काढून टाकले गेले. तोवर या 20 गुणांच्या तोंडी परीक्षेत पंधरा-सोळा गुण मिळवलेल्या मुलाला लेखी पेपरात विसाच्या आसपास गुण पुरत. त्या वर्षी शंभरपैकी पस्तीस गुण उत्तरपत्रिकेत लिहूनच मिळवायचे होते. राज्याचा निकाल 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर आला. पालकांची ओरड झाली, अंतर्गत गुण परत आले, पुढे करोनामुळे भूगोलाचा पेपरही रद्द झाला, आणि 2020 मध्ये राज्याचा निकाल 95.30 टक्के लागला.

आता हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. एकाच बदलाने राज्य बारा टक्क्यांनी खाली आले, तर महापालिकेच्या शाळा जवळजवळ एकवीस टक्क्यांनी. 2019 मध्ये राज्य आणि महापालिका यांच्यात 24 टक्क्यांची दरी होती. वर्षभरात ती दोन टक्क्यांवर आली. शिक्षकांनी जादा तास घेतले असतील, सराव करून घेतला असेल. त्या मेहनतीला कमी लेखण्याचे कारण नाही. पण एवढी दरी एका वर्षाच्या शिकवण्याने भरून निघत नाही. 2019 मध्ये ज्या मुलांना सलग चार ओळी लिहिता आल्या नाहीत, तशाच मुलांना 2020 मध्येही त्या लिहिता येत नसणार. फरक इतकाच, की दुसऱ्या वर्षी ते आकड्यात दिसले नाही.

ही मुले कोण आहेत, हे निकालपत्रक सांगत नाही. महापालिका आठ माध्यमांतून शिकवते: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तामिळ, तेलुगू आणि कन्नड. गोवंडी, मानखुर्द, देवनार हा भाग ज्या एम पूर्व विभागात येतो, तो 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरात तळाला होता. तिथल्या उर्दू किंवा हिंदी माध्यमाच्या वर्गात घरी भोजपुरी किंवा अवधी बोलणारे मूल भेटते. शाळेची भाषा त्याला बोलता येते, समजते. लिहिताना मात्र ते अडखळते. तोंडी परीक्षेत ते धीटपणे उत्तर देते आणि लेखी पेपरात त्याच उत्तराच्या दीड ओळी होतात. शाळा दोन पाळ्यांत भरते. सकाळच्या पाळीची मुलगी घरी आली की पाणी भरणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे, आईच्या हातातले जरीकाम पुढे नेणे हे आधी, अभ्यास नंतर. घरात दहावीपर्यंत पोहोचलेली ती पहिलीच असते, त्यामुळे भूमितीचे प्रमेय अडले तर विचारायचे कोणाला?

‘वस्तीच तशी आहे’ म्हणून या मुलांकडून कमी अपेक्षा ठेवाव्यात, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ती सबब शिक्षण खात्याने फार वर्षे वापरली आहे आणि तिनेच या मुलांचे सर्वाधिक नुकसान केले आहे. मूल कुठून निघाले हे ठाऊक असेल तरच शाळेने त्याला किती पुढे आणले हे कळेल, एवढाच आमचा आग्रह आहे. नव्वद टक्के पालक पदवीधर असलेल्या शाळेचा शंभर टक्के निकाल आणि पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांच्या शाळेचा सत्तर टक्के निकाल यांत अधिक शिकवले कोणी, हे टक्केवारीवरून ठरत नाही.

शाळांप्रमाणेच परीक्षा मंडळाच्या विभागांचेही असेच होते. कोकण विभाग दरवर्षी अव्वल येतो; 2025 मध्ये त्याचा निकाल 98.82 टक्के, तर तळाच्या नागपूरचा 90.78 टक्के होता. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या शिक्षकांचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. मात्र कोकणात दोनच जिल्हे, काही हजार परीक्षार्थी. मुंबई विभागात ते तीन लाखांहून अधिक. आणि नागपूर विभागात गडचिरोलीही येते. त्यामुळे नुसत्या टक्क्यांवरून या विभागांची तुलना करता येत नाही.

केवळ टक्क्यांवर शाळा जोखल्या की शाळा टक्के सांभाळू लागतात. आठवीपर्यंत नापास न करण्याच्या धोरणानंतर नववी ही चाळणी झाली. कच्च्या मुलाला तिथे थांबवायचे किंवा पालकांना बोलावून ‘सतरा नंबरचा फॉर्म भरा’ असे सुचवायचे, ही तक्रार शिक्षकांच्या खोलीत जुनी आहे. सतरा नंबरने बसलेला मुलगा खासगी विद्यार्थी ठरतो. तो नापास झाला तरी शाळेच्या नियमित निकालाला धक्का लागत नाही. ज्याला शाळेची सर्वांत जास्त गरज, तोच निकालाच्या हिशेबातून बाहेर जातो.

हे टाळण्यासाठी नवी समिती नेमण्याची गरज नाही. 2015 पासून ‘सरल’ प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद होते. यू-डायस प्लसमध्येही आता विद्यार्थीनिहाय माहिती भरली जाते. त्यासाठी शिक्षक रात्री जागून संगणकापुढे बसतात. परीक्षा मंडळ निकालात विभाग, मुले-मुली, नियमित, पुनर्परीक्षार्थी, खासगी आणि दिव्यांग असे तपशील देतेच. त्यात तीन गोष्टींची भर घालावी. नववीच्या पटावर असलेल्यांपैकी किती जण दहावीला नियमित बसले? आईवडिलांपैकी कोणीही दहावी न झालेल्या मुलांचे प्रमाण किती? लेखी आणि अंतर्गत गुणांची सरासरी वेगवेगळी किती? मुलांची नावे उघड न करता हे शाळानिहाय छापता येईल. मग नववीतून दहावीत जाताना ज्या शाळेचा पट अचानक रोडावतो, तिच्या मुख्याध्यापकांना मंडळाने त्याच आठवड्यात कारण विचारावे. आणि लेखी गुण सातत्याने कमी असलेल्या शाळांना भाषेचे जादा शिक्षक जूनमध्येच, वर्ग सुरू होताना द्यावेत.