ऊन जंतू मारेल, फ्लोराइड नाही

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. इतके ऊन असताना त्यावरच पिण्याचे पाणी शुद्ध करावे, ही कल्पना कुणालाही पटेल. टायटॅनियम डायऑक्साइडच्या साहाय्याने हे करता येते. मात्र पाणी कोणते, यावर बरेच अवलंबून आहे.

रंगांमध्ये वापरली जाणारी ही पांढरी पूड अर्धवाहक आहे. फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये तिच्या मदतीने प्रकाशात पाण्याचे विघटन करून दाखवले. अतिनील किरण पडले की पुडीतला इलेक्ट्रॉन जागा सोडतो. रिकामी झालेली जागा पृष्ठभागावरच्या पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढते आणि अतिक्रियाशील हायड्रॉक्सिल कण तयार होतात. हे कण जंतू मारतात, सेंद्रिय रसायने मोडतात. काम किरणांचे आहे, उष्णतेचे नव्हे. आणि उन्हात अतिनील किरण जेमतेम पाच टक्के असतात.

यात पाणी नुसते बघ्याच्या भूमिकेत नसते. त्याचे रेणू पुडीला चिकटतात, काही तिथेच फुटतात आणि पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉनांची ऊर्जापातळी बदलते. पाण्याचा सामू एका अंकाने बदलला तरी ही पातळी सुमारे ५९ मिलिव्होल्टने सरकते. बोअरच्या पाण्यातले बायकार्बोनेट तर तयार झालेले हायड्रॉक्सिल कण मध्येच संपवते. म्हणून प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यात मिळालेला निकाल गावच्या हातपंपाला जसाच्या तसा लागू होत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात याहून मोठी अडचण आहे. इथल्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. दुसरा स्रोत नसेल तरच १.५ पर्यंत चालते. त्याहून जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले तर मुलांच्या दातांवर डाग पडतात, पुढे हाडे आणि सांधे आखडतात. फ्लोराइड हा जंतू नाही आणि मोडणारे रसायनही नाही. उन्हाने ते जात नाही. उकळल्याने तर पाणी आटते आणि त्याचे प्रमाण वाढते.

ते काढण्यासाठी तुरटी-चुन्याची नलगोंडा पद्धत आहे, जी नागपूरच्या ‘नीरी’ने विकसित केली, सक्रिय अॅल्युमिनाचे फिल्टरही आहेत. त्यामुळे ग्रामपंचायतीने कोणतेही सौर शुद्धीकरण यंत्र घेण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात: आपल्या स्रोतातले फ्लोराइड तपासावे आणि यंत्राची चाचणी कोणत्या पाण्यावर झाली, हे विक्रेत्याला विचारावे.