गाडीतला एसी गरम हवा फेकतो तेव्हा

उन्हाळा तापू लागला की दवाखान्यात येणाऱ्या तक्रारींचे स्वरूप पालटते. डोके ठणकणे, मळमळ, पायांत गोळे येणे, भोवळ. अशा रुग्णांची हकीकत नीट ऐकली, तर पुष्कळदा तिच्यात भर दुपारचा मोटारप्रवास आणि बिघडलेला एसी सापडतो. म्हणून आरोग्याच्या पाक्षिकात आज यंत्राविषयी चार शब्द लिहिणे अप्रस्तुत ठरू नये.

आपले शरीर मुख्यतः घाम वाळवून थंड राहते. चंद्रपूर किंवा अकोल्यासारख्या ठिकाणी मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. बाहेरची हवाच शरीराहून उष्ण असते, तेव्हा एसी बंद असलेल्या गाडीत खिडकीतून येणारा वारा गारवा देण्याऐवजी अंग तापवतो. वृद्धांना तहान कमी जाणवते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांच्या शरीरातील पाणी लवकर घटते. तान्ह्या मुलांचे अंग तर मोठ्यांच्या मानाने फारच झपाट्याने तापते.

आता निदानाकडे वळू. एसी थंडी निर्माण करत नाही. तो आतील उष्णता उचलून बाहेर टाकतो. बंद नळ्यांतून फिरणारा वायू डॅशबोर्डमागच्या जाळीत उष्णता शोषतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो आणि पुढील बाजूच्या कंडेन्सरमध्ये तो ती उष्णता सोडतो. या साखळीतील एक कडी निखळली की हवा गरम येते. कोणती कडी, हे लक्षणांवरूनच ओळखायचे असते.

पहिला प्रश्न असा: हवा कमी येते की पुरेशी येऊनही गरम असते? झोत क्षीण असेल, तर केबिन फिल्टर धुळीने गच्च भरलेला असण्याची शक्यता अधिक. तो बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि अल्प खर्चात बदलता येतो. दमा किंवा ॲलर्जीचे रुग्ण घरात असतील, तर त्याकडे दुर्लक्ष नकोच. हवेला कुबट वास येणे हे आत बुरशी धरल्याचे लक्षण होय.

झोत चांगला असूनही हवा गरम असेल, तर आधी साध्या गोष्टी पाहाव्यात. एसीच्या बटणाचा दिवा लागला आहे का? तापमानाचा खटका चुकून गरमकडे सरकला आहे का? इंजिन तापल्याची खूण तर दिसत नाही? इंजिन फार तापले की काही गाड्यांत एसी आपोआप बंद होतो. त्यानंतर गाडी चालते-थांबते तसा फरक पडतो का, ते ताडावे. महामार्गावर गारवा आणि सिग्नलला उष्ण हवा, असे घडत असेल तर संशय कंडेन्सरच्या पंख्यावर किंवा कंडेन्सरवर साचलेल्या चिखल-कचऱ्यावर घ्यावा. आरंभी गार, तासाभराने झोत मंद आणि हवा गरम, असे असेल तर आतील जाळीवर बर्फ धरत असावा. एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने गरम हवा आली, तर हवा वळवणारी झडप अडकलेली असू शकते. क्वचित गॅस कमी झाल्यानेही असे होते.

सर्वांत जास्त गैरसमज गॅसविषयी आहे. 'दर वर्षी गॅस भरावाच लागतो' असे पुष्कळांना वाटते. वास्तविक ही यंत्रणा बंदिस्त असते. पेट्रोलप्रमाणे गॅस खर्च होत नाही. तो वरचेवर कमी होत असेल, तर कोठे तरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे तापाचे कारण न पाहता रोज तापाची गोळी देण्यासारखे आहे. मेकॅनिककडे तीन गोष्टींचा आग्रह धरावा: गळतीची तपासणी, भरण्यापूर्वी यंत्रणेतील हवा व ओल व्हॅक्यूम पंपाने काढणे आणि बॉनेटखालील पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस तोलून भरणे. जास्त भरल्यानेही गारवा घटतो. घरच्या घरी मात्र या नळ्या सैल करू नयेत. दाबाखालचा गॅस निसटून त्वचेवर किंवा डोळ्यांत गेला, तर हिमदाहासारखी इजा होते. बॉनेट उघडून पाहताना पंख्यापासून हात दूर ठेवावा. तो अचानक सुरू होतो.

दुरुस्ती होईपर्यंतचे पथ्य सोपे आहे. प्रवास पहाटे किंवा सूर्यास्तानंतर करावा. पाणी, ओला पंचा आणि जलसंजीवनी जवळ ठेवावी. बाळंतीण, तान्हे मूल आणि वृद्ध यांच्यासाठी दुपारचा प्रवास पुढे ढकलावा किंवा दुसरे वाहन करावे. इन्सुलिन गाडीत ठेवून जाऊ नये; उष्णतेने त्याचा गुण जातो. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून एसी तपासणे प्राणघातक ठरू शकते, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि उभ्या गाडीत मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये. काच चार बोटे खाली ठेवल्याने आतील तापमान फारसे उतरत नाही. पहिल्या अर्ध्या तासातच ते बेसुमार चढते.

प्रवासात कोणी असंबद्ध बोलू लागले, झोपाळू झाले किंवा अंग चटका बसण्याइतके तापले, तर तो उष्माघात समजावा, घाम येत असला तरीही. गाडी सावलीत थांबवावी, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये.

मे महिन्यात एसी दुरुस्त करणाऱ्यांकडे रांग लागते. तपासणी फाल्गुनातच उरकलेली बरी.