पथ्याची यादी आणि वाण्याची यादी

आमचे चिकित्सालय सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, आठवडी बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. बी.ए.एम.एस. होऊन २००३ साली आम्ही तेथे बसू लागलो. पथ्यापथ्य समजावून सांगण्यात आपण कोणास हार जाणार नाही, असा समज आम्ही त्या काळापासून बाळगून होतो. तो समज एका रुग्णेने दूर केला. त्या प्रसंगाने उपस्थित केलेला प्रश्न आपणा सर्वांचा आहे, म्हणून तो येथे मांडत आहोत.

ही बाई अडत बाजारात धान्य निवडण्याच्या कामावर जात असे. अम्लपित्ताचा जुना त्रास. छातीत जळजळ, दुपारनंतर डोके दुखणे, अधूनमधून वांती. आम्ही औषध लिहिले आणि कागदाच्या मागे नेहमीची यादीही लिहून दिली : जुन्या साळीचा तांदूळ, मूग, गाईचे तूप, मनुका, डाळिंब, दुधी, पडवळ, सैंधव. शास्त्रदृष्ट्या त्या यादीत बोट ठेवावे असे काही नव्हते. महिन्याभराने बाई परत आली. जळजळ थोडी कमी होती. पथ्य पाळले का, असे विचारता ती म्हणाली, "पाळलं की डॉक्टर. तूप आणलं, मनुका आणल्या. पोरांचं दूध बंद केलं बगा तेवढं."

आम्ही निरुत्तर झालो. घरात चार माणसे, किराण्याला महिन्याकाठी साडेतीन हजार रुपये, आणि त्यातून आमच्या यादीची खरेदी! एका शरीराचे पित्त शमविण्यासाठी आम्ही दोन वाढत्या शरीरांचा आहार काढून घेतला होता. शिवाय तिच्या व्याधीचे मुख्य कारण आम्ही विचारलेच नव्हते. सकाळी सहाला उपाशीपोटी दोन कप चहा घेऊन ती घर सोडी आणि पहिला घास दुपारी दोनला, तोही मिरचीच्या खरड्याबरोबर घेई. यावर मनुकांचा उपाय काय होणार?

शास्त्राने या गोष्टीचा विचार केलेला नाही असे मात्र नाही. चिकित्सेच्या चतुष्पादांत रुग्णाचे गुण सांगताना वाग्भटाने 'आढ्य' हा शब्द घातला आहे. रुग्ण धनवान असावा, अशी ती अपेक्षा. चरकाने दिलेल्या रुग्णाच्या चार गुणांत धनाचा उल्लेख नाही. उलट सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात, राजा वा धनिकाच्या संशोधनासाठी लागणाऱ्या संभाराचे सविस्तर वर्णन केल्यावर, चरक आवर्जून सांगतो की सर्वच माणसांपाशी सर्व साधने नसतात आणि दारुण रोग दरिद्री माणसालाही सोडीत नाहीत. तेव्हा ज्याला जे शक्य असेल ते औषध, वस्त्र आणि अन्न त्याने यथाशक्ती योजावे. हा अध्याय आपण सर्वांनी परीक्षेसाठी वाचलेला आहे. चिकित्सालयात बसल्यावर संभाराची यादी तेवढी आपल्या लक्षात राहिली आणि शेवटचे सांगणे विसरले गेले, असे आम्हांस वाटते.

याच सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात नित्य सेवनीय द्रव्ये सांगितली आहेत : साठेसाळी, मूग, सैंधव, आवळा, जव, पावसाचे पाणी, दूध, तूप, जांगल मांस आणि मध. ही यादी तिच्या देशकालात बसणारी होती. आपण ती उचलून आजच्या दुकानांच्या फळीवर नेऊन ठेवली. तेथे तिला ए-टू तूप, वनातील मध, गुलाबी मीठ अशी महाग नावे मिळाली. २०२२ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आयुर्वेद आहाराचे स्वतंत्र विनियम काढले आणि ग्रंथोक्त पाककृतींच्या बंद डब्यांना वाट मोकळी झाली. ही व्यवस्था आम्हांस अमान्य नाही. मात्र साडेतीन हजारांत घर चालविणाऱ्या माणसाचे पथ्य त्या डब्यांतून सुटणार नाही, हे ओळखले पाहिजे.

मग काय करावे? आम्ही स्वतःला घालून घेतलेला नियम असा, की पथ्याची यादी लिहिण्यापूर्वी वाण्याची यादी विचारावी. घरात माणसे किती, शिधापत्रिका पिवळी, केशरी की पांढरी, महिन्याचा किराणा किती रुपयांचा, दूध किती येते, सकाळचा पहिला घास किती वाजता, एवढे पाच प्रश्न. दोन मिनिटे लागतात. नाडी पाहता पाहताही ते विचारता येतात.

या पाच उत्तरांवरून चार माणसांच्या घराचा हिशेब सहज मांडता येतो. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंबास माणशी ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. म्हणजे गहू-तांदूळ मिळून २० किलो घरात येतो. त्यात १२ किलो ज्वारीची भर घातली की धान्य पुरते. रेशनचा तांदूळ अनेकजण नाक मुरडून विकतात. आपण वैद्यांनी तरी त्याची बाजू घ्यावी. नवे धान्य गुरू व अभिष्यंदी, वर्षभर जुने झालेले लघु, हे आपलेच शास्त्र सांगते. आणि गोदामातून येणारा हा तांदूळ बहुधा जुनाच असतो. तो नीट निवडून, धुऊन, वाळवून, मंद भाजून ठेवला तर पेजेसाठी उत्तम. आमच्या रुग्णेला जुन्या साळीचा तांदूळ लिहून देताना तो तिच्या घरातील डब्यात होताच, हे आम्हांस सुचले नाही.

डाळी-कडधान्ये साडेचार किलो धरावीत : तूर दीड, मूग दीड आणि उरलेल्या दीड किलोत मसूर, मटकी, हरभरा, कुळीथ यांपैकी जे स्वस्त असेल ते. माणशी रोज ३५ ते ४० ग्रॅम पडते. याहून कमी करू नये. तेल अडीच लिटर. शेंगदाणे एक किलो. तीळ, जवस, कारळे मिळून अर्धा किलो. या तिन्हींच्या चटण्या आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या आहेत. भाकरीचा रूक्षपणा त्या कमी करतात आणि कोरड्यासाबरोबर पोट भरते. गूळ-साखर मिळून दोन किलोंच्या आत. हळद, धने, जिरे, ओवा, सुंठ, हिंग थोडे थोडे. हळकुंडे आणून दळून घ्यावीत. सुट्या पिवळ्या पुडीत काय मिसळले आहे ते डोळ्यांना कळत नाही. दूध रोज अर्धा लिटर. ते प्रथम मुलांचे. सायीचे विरजण लावले की ताकही होते आणि चमचाभर तूपही निघते. पालेभाजीत तांदुळजा, चाकवत, अंबाडी, शेवग्याचा पाला. बाजार उठताना घेतली की जुडी आणखी स्वस्त. खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोन-तीनदा अंडी घ्यावीत. आपल्या आवडीनिवडीपायी त्यांचे ते पोषण आपण बंद करू नये.

मिठाविषयी वेगळे सांगितले पाहिजे, कारण येथे आपल्यापैकी अनेकांशी आमचा मतभेद होईल. सैंधव श्रेष्ठ खरे. पण बाजारातील सैंधवात सामान्यतः आयोडीन मिसळलेले नसते. घरात गर्भिणी असेल, लहान मुले असतील, तर रोजच्या स्वयंपाकातील आयोडीनयुक्त मीठ बंद करण्यास सांगणे हे धाडसाचे काम आहे. आम्ही सैंधव औषधापुरते ठेवतो आणि मीठ साधेच, पण माणशी रोज पाच ग्रॅमच्या आत राहील इतके कमी घेण्यास सांगतो.

भरड धान्यांचेही तसेच. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि ज्वारी-नाचणीला पुन्हा मान मिळाला, याचा मंगळवेढ्याच्या ज्वारीवर वाढलेल्या आम्हांस आनंदच आहे. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, हेही खरे. पण नाचणीची बिस्किटे म्हणजे नाचणी नव्हे, आणि मधुमेह्याला भाकरी कितीही चालते हा समज तर घातक आहे. भाकरी मोजूनच खावी लागते. गुळाने रक्त वाढते, हेही असेच एक वाक्य. रुग्णा पांढरी फटक दिसत असेल तर हिमोग्लोबिन तपासावे, नुसता गूळ-शेंगदाण्यावर भरवसा ठेवू नये.

पैसा आणावा कोठून, हा प्रश्न उरतोच. आम्ही रुग्णांकडून मागील महिन्याची यादी मागवितो. तीत बहुधा एक रकाना असा निघतो, जो वाण्याच्या वहीत नसतोच : मुलांच्या हातावर ठेवलेल्या पाच-दहा रुपयांच्या पुड्या. दोन मुलांना रोज दहा-दहा रुपये म्हणजे महिन्याला ६०० रुपये. त्यात चार किलोंच्या आसपास डाळ येते. बोल लावण्याच्या सुरात हे सांगू नये. कामावर जाणाऱ्या आईला मूल शांत ठेवायला ती पुडीच जवळची असते. तिच्याऐवजी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, लाह्या हाताशी ठेवा, इतकेच सांगावे.

दुसरी बचत बेगमीची. रब्बी ज्वारी फाल्गुन-चैत्रात निघते, तूर त्याच्या थोडी आधी. तेव्हा भाव उतरलेले असतात. एकरकमी पोते घेणे हातावर पोट असणाऱ्यास जमत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून आमच्या गल्लीतील एका बचत गटाला आम्ही सुचविले की दहा घरांनी मिळून क्विंटलचे पोते घ्यावे आणि दहा-दहा किलो वाटून न्यावे. हे जमले. कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून धान्य ठेवणे आणि डाळीला एरंडेलाचा हात लावणे आपल्या आज्या करीत आल्या. ते पुन्हा सांगायला वैद्याचा मोठेपणा कमी होत नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला आमच्या व्यवसायबंधूंचा : स्वस्तातले पथ्य सांगितले की रुग्णास चिकित्साही स्वस्तातली वाटते. आम्हांस अनुभव उलटा आला. जो वैद्य घरचा डबा विचारतो त्याच्याकडे कुटुंबातील दुसरा रुग्ण येतो. न पाळता येणारे पथ्य सांगितले तर मात्र रुग्ण ते पाळल्याचे खोटे सांगतो, आणि मग औषधाचा गुण-अवगुण आपल्याला कळेनासा होतो. हे नुकसान चिकित्सेचेच आहे.

दुसरा आक्षेप औषधालय चालविणाऱ्या आमच्या मित्रांचा. दुकानाचे भाडे, नोकरांचे पगार, मुदत संपणारा माल. डबे विकले नाहीत तर गल्ला कसा चालेल? प्रश्न खरा आहे, म्हणून उत्तरही व्यवहाराचे देतो. वाळलेला आवळा, सुंठ, जव, लाह्या, हिंग, ज्येष्ठमध, सैंधव ही द्रव्ये पन्नास-पन्नास ग्रॅमच्या, तारीख घातलेल्या स्वच्छ पुड्यांत ठेवा. चारशे रुपयांचा डबा एकदा घेऊन पुन्हा न फिरकणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा दर पंधरवड्यास तीस रुपयांची पुडी नेणारे गिऱ्हाईक दुकानाला बांधलेले राहते. आणि चिठ्ठीवर नसलेला पौष्टिक डबा अशा माणसाच्या हातात देऊ नका, एवढी विनंती.

संघटनेपुढेही आमची एक सूचना आहे. कोकणात कुळीथ, नाचणी आणि आमसूल. विदर्भात तूर आणि जवस. आमच्याकडे ज्वारी आणि कारळे. प्रत्येक जिल्हा शाखेने आपापल्या बाजारभावाप्रमाणे चार माणसांची एक पानी यादी तयार करावी आणि दर तिमाहीस ती बदलावी. चिकित्सालयात व औषधालयात ती विनामूल्य ठेवावी. छपाईचा खर्च एखाद्या परिसंवादाच्या भोजनाहून अधिक येणार नाही.

त्या बाईचे पुढे काय झाले, ते सांगितले पाहिजे. आम्ही आधीची यादी खोडली. सकाळी निघण्यापूर्वी रेशनच्या भाजलेल्या तांदळाची पेज, चहा त्यानंतर एकच कप. दहाच्या सुमारास डब्यातील अर्धी भाकरी व मुगाची उसळ. खरड्याऐवजी जवसाची चटणी. रात्री दुधी स्वस्त असेल तेव्हा दुधी. चूर्ण तेच ठेवले. तीन महिन्यांत वांती थांबली, जळजळ बरीच कमी झाली. सणावारी तिखट खाल्ले की अजून होते. मुलांचे दूध मात्र त्याच आठवड्यात पुन्हा सुरू झाले. ते आमच्या यादीमुळे एक महिना बंद होते, याची नोंद आम्ही तिच्या कागदावर करून ठेवली आहे.